दु बोंग मास्तर

'जा' या धातूचे 'गेला' कसे होते, असे वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतेच. भाषेची लहर, एवढे सांगून मी पुढच्या धड्याकडे वळतो. कोरियात मात्र एक मास्तर असे होऊन गेले, की त्यांना ही लहर खपेना. किम दु बोंग हे त्यांचे नाव.

जन्म १८८९ चा. चू सी ग्योंग या थोर वैयाकरणाचे ते शिष्य. जपानी अमलात, १९१६ साली, त्यांनी मायबोलीचे व्याकरण छापले. १९१९ च्या उठावानंतर ते शांघायला निसटले. तिथे परागंदा कोरियनांच्या मुलांना शिकवले आणि पुढे येनानला चिनी कम्युनिस्टांच्या आश्रयाला गेले. १९४५ च्या डिसेंबरात प्योंगयांगला परतले, ते २६ वर्षांचा वनवास संपवून.

घर एक आणि चुली चार, अशी तिथल्या कम्युनिस्टांची तऱ्हा होती. कोणी रशियातून आलेले, कोणी चीनमधून. कोणी मायदेशीच तुरुंग भोगलेले, तर कोणी मांचुरियात गनिमी लढाई केलेले. १९४६ च्या ऑगस्टात उत्तरेत मजूर पक्ष निघाला. अध्यक्ष ५७ वर्षांचे दु बोंग, उपाध्यक्ष ३४ वर्षांचा गनीम किम इल सुंग! पंगतीत मानाचा पाट वडीलधाऱ्याला आणि कोठीच्या किल्ल्या धाकट्याच्या कमरेला, हे दृश्य आपल्यालाही अनोळखी नाही. १९४८ पासून तर मास्तर कागदोपत्री राष्ट्रप्रमुखच झाले.

एवढ्या मानातून त्यांनी काय साधले? १९४८ साली लिपीत सहा नवी अक्षरे आणवली! 'मदत करणे' या अर्थाच्या कोरियन धातूतला शेवटचा 'प' पुढे स्वर येताच 'व'सारखा होतो. उच्चार बदलला तरी लेखनात धातू एकच दिसावा, असा त्यांचा हट्ट. मला हा हट्ट फार आवडतो. सहा वर्षांत ती अक्षरे गेली, तरीही आवडतो.

१९५६ च्या ऑगस्टात पक्षाच्या बैठकीत काहींनी किम इल सुंगच्या व्यक्तिपूजेवर उघड टीका केली. त्यांत येनानकडची मंडळी पुढे होती. मास्तर बोललेच नाहीत. पण जुन्या सोबत्यांची जात पुसता येत नाही. टीकाकारांतले काही चीनला पळाले. सप्टेंबरात रशियाचा मिकोयान आणि चीनचा पेंग दहुआय मध्यस्थीला आले, कारवाई मागे घेववली आणि परत गेले. पाहुणे गेल्यावर घरात काय होते, ते सांगायला नको. १९५७ साली मास्तरांचे पद गेले. १९५८ च्या मार्चमध्ये पक्षपरिषदेत त्यांच्यावर आरोपांची सरबत्ती झाली, आणि मास्तर दिसेनासे झाले.

१९६४ साली किम इल सुंगने भाषापंडितांपुढे लिपीबदलाचा समाचार घेतला. उत्तरेने एकटीने अक्षरे बदलली तर दक्षिणेतल्या भावाचे पत्र वाचता येणार नाही, असा त्याचा मुद्दा. मास्तरांचा पक्ष घेऊनही म्हणतो, मुद्दा खोटा नव्हता. उत्तर द्यायला मास्तर तेवढे तिथे नव्हते.