बुजलेला तुरा

कॉकॅटिल हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, मोकळ्या मुलखातला पक्षी. काकाकुव्यांच्या कुळात सर्वांत लहान. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत ३० ते ३३ सेंटीमीटर, आणि त्यातली जवळजवळ निम्मी लांबी एकट्या शेपटीची. वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. रानात तो थव्याने हिंडतो, पाण्याच्या आसपास राहतो आणि जमिनीवर उतरून गवताचे बी टिपतो. जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्याचा काळ आकाशातून येतो. म्हणून थव्यातला एक दचकला की सगळा थवा क्षणात हवेत असतो. कोण आले, कशाने दचकला, हे पाहत बसणारा मागे राहतो आणि ससाण्याच्या तोंडी जातो. या दचकण्यानेच ही जात आजवर तगली आहे.

मुंबईच्या उपनगरांत हा पक्षी आता घरोघर दिसतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला मनाई आहे. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने संध्याकाळी कलकलाट करत जाणारे हिरवे थवे रानाचेच राहावेत हे योग्यच. पाळण्याची हौस मग परदेशी जातींकडे वळली. ऑस्ट्रेलियाने आपल्या रानपक्ष्यांची व्यापारी निर्यात १९६०च्या सुमारास बंद केली. त्यामुळे इथे विकला जाणारा कॉकॅटिल पिंजऱ्यातच जन्मलेल्या अनेक पिढ्यांचा वंशज असतो. पिढ्या पिंजऱ्यात गेल्या, तरी भीती रक्तात राहिलीच. त्याला खिडकीतून सोडून देण्यात दयाही नाही. मुलुंडच्या किंवा अंधेरीच्या झाडांवर त्याला दाणा कुठे ते ठाऊक नसते आणि कावळे त्याला तासाभरात घेरतात. परत जायला घर नसलेल्या जिवाला दोनच गोष्टी देता येतात, निर्धास्तपणा आणि पंख पसरण्याएवढी जागा. चांगल्या सांभाळाखाली तो १५ ते २० वर्षे जगतो, म्हणजे हे देणे बराच काळ पुरणारे आहे.

बाजारात, क्रॉफर्ड मार्केटपासून स्टेशनाबाहेरच्या गाळ्यांपर्यंत, त्याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. हाताने भरवून वाढवलेले ‘हँडफेड’ पिल्लू महाग असते आणि माणसाला सरावलेले असते. मोठ्या जाळीत आईबापांनी वाढवलेला पक्षी स्वस्त मिळतो, पण माणसाचा हात त्याने एकाच प्रसंगी पाहिलेला असतो: पकडताना. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून, रिक्षाच्या धक्क्यांत तो घरी येतो आणि पिंजऱ्याच्या सर्वांत मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसतो.

त्याची भीती वाचायला तुरा पुरेसा आहे. तुरा ताठ उभा, मान लांब, अंग सडपातळ झालेले आणि पक्षी दांडीवर खिळलेला: हा धसका. तुरा डोक्याला चपटा लागलेला, चोच उघडी आणि घशातून सापासारखा फुत्कार: हा निर्वाणीचा इशारा, याच्या पुढे चावा. तुरा अर्धा कललेला, टोक किंचित वर वळलेले, गालांवरची पिसे फुलून चोचीवर आलेली: आता तो स्वस्थ आहे. झोपेच्या आधी तो चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासतो, त्याचा बारीक करकर आवाज येतो. नव्या घरात तो आवाज पहिल्यांदा ऐकू येणे ही खरी बातमी. माणसाळवणे म्हणजे पहिल्या तुऱ्यापासून तिसऱ्या तुऱ्यापर्यंतची वाट, आणि या वाटेवर वेग पक्ष्याने ठरवायचा असतो.

पहिले काही दिवस त्याला काहीच शिकवू नये. पिंजरा भिंतीला टेकवून, माणसाच्या छातीच्या ते डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. एक बाजू बंद असली की चारी दिशांना लक्ष ठेवण्याचा ताण कमी होतो. घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरणारी विमाने, मेट्रोची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, शेजारची ड्रिल मशीन, हे सगळे त्याला नवे असते आणि प्रत्येक आवाजापाठोपाठ काही वाईट घडत नाही, हे त्याचे त्यालाच कळावे लागते. घरातल्यांनी जवळून जाताना हळू बोलावे, टक लावून पाहू नये. समोरून रोखलेले दोन डोळे शिकाऱ्याचे असतात.

मग हाताची ओळख. हात कधीही वरून नेऊ नये. उपनगराच्या आकाशात घारी दिवसभर घिरट्या घालतात आणि वरून येणारी सावली म्हणजे काय, हे कॉकॅटिलला कुणी शिकवावे लागत नाही. हात खालून, बाजूने, पक्ष्याच्या नजरेसमोर यावा. सोबत राळ्याचे कणीस असावे. भोगीला ज्याचा भात काही घरांत अजून शिजतो तेच हे राळे. कॉकॅटिलला याहून मोठा मोह नाही. कणसाचे टोक सळयांतून आत सरकवावे आणि हात स्थिर ठेवावा. पक्षी आधी मान लांबवतो, एक दाणा ओढतो, मागे सरतो, पुन्हा येतो. त्याने खायला सुरुवात केली की कणीस रोज थोडे आखूड धरावे, म्हणजे चोच आपोआप बोटांजवळ येते. तुरा चपटा झाला की थांबायचे, हात हळूच मागे घ्यायचा. हात मागे जातो हे ज्या पक्ष्याला कळते, त्याला चावायची गरज उरत नाही. सगळ्यात उपयोगाचा धडा हाच, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो.

हात आत नेऊनही तो शांत खातो असे दिसले की बोट त्याच्या पोटाशी, पायांच्या किंचित वर आडवे टेकवावे आणि रोज तोच शब्द उच्चारावा, ‘ये’ किंवा ‘वर’. पाय आपोआप बोटावर चढतो. चढण्याआधी तो चोचीने बोट चाचपतो. ते दांडी डुलते की पक्की आहे ते पाहणे असते, चावा नसतो. बोट त्या क्षणी मागे खेचले तर दांडी भरवशाची नाही एवढेच तो शिकतो. पुढे केव्हातरी तो डोके खाली घालून मानेची पिसे पुढे करतो. थव्यात जोडीदाराकडून जिथे स्वतःची चोच पोचत नाही तिथली नवी पिसे तो अशीच खाजवून घेतो. तेव्हा माणसाला त्याने थव्यात घेतलेले असते.

अशा पक्ष्याचा पिंजरा मात्र बहुधा चुकीचा असतो. दुकानातून सोबत मिळणारा पिंजरा गोल, घुमटाचा, उंच आणि अरुंद असतो. कॉकॅटिल आडवा उडतो. त्याला उंचीपेक्षा लांबी हवी. गोल पिंजऱ्यात त्याला आसऱ्याचा कोपरा मिळत नाही, लांब शेपटी सळयांवर घासून तिची टोके झिजतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याचे ११वे कलम, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हीच क्रूरता मानते. एका पक्ष्याला किमान २४ इंच लांब, १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच पिंजरा हवा. लांबी याहून अधिक मिळाली तर उत्तमच. सळयांतले अंतर अर्धा ते पाऊण इंचाच्या आतले असावे, नाहीतर डोके अडकते. निदान दोन बाजूंच्या सळया आडव्या असाव्यात, कारण चोच आणि पाय वापरून चढणे हा त्याचा निम्मा व्यायाम आहे. स्वस्त जाळीवरचे जस्त कुरतडून पोटात गेले तर विषबाधा होते. स्टेनलेस स्टील किंवा चांगला पावडर कोटिंगचा पिंजरा घ्यावा.

आत एकसारख्या गुळगुळीत दांड्या नकोत. सारख्या जाडीच्या दांडीवर तळपायाचा एकच भाग सतत दाबला जाऊन फोड येतात. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, फवारणी न झालेल्या, कमीजास्त जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावाव्यात. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगावा. तो माकळीच्या पाठीतला हाडासारखा पांढरा तुकडा. दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, कारण जुलैच्या दमट हवेत त्यांना बुरशी लवकर धरते आणि ती यकृताला घातक असते.

जागा निवडणे वन बीएचकेमध्ये सर्वांत अवघड. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे हवेतल्या प्राणवायूबरोबर विषही तो माणसापेक्षा फार झपाट्याने ओढून घेतो. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर जास्त तापला तर त्याच्या लेपातून निघणारी वाफ काही मिनिटांत पक्षी मारते. स्वयंपाकघर लागूनच असेल तर घरातून तो तवाच हद्दपार करावा. धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल, एअर फ्रेशनर त्या खोलीत नको. खिडकीबाहेरचे बॉक्स ग्रिल मोकळे वाटते, पण तिथे कावळे, मांजर, उंदीर, दुपारचे ऊन आणि पावसाची झड आहे. खिडकीपासून थोडी आत, उजेडाची भिंत सर्वांत बरी.

नवा पिंजरा आणला म्हणून त्याच दिवशी पक्षी आत कोंबू नये. आधी तो जुन्याशेजारी नुसता ठेवावा. कॉकॅटिलच्या मनात नवी मोठी वस्तू आधी शत्रू असते, मग फर्निचर. तुरा सावकाश कलला की जुन्या पिंजऱ्यातली त्याची आवडती दांडी नव्यात हलवावी आणि दाण्यापाण्याची भांडी जुन्यात होती त्याच उंचीवर लावावीत. मग एखाद्या सुटीच्या सकाळी दोन्ही दारे समोरासमोर आणून सुतळीने पक्की बांधावीत, राळ्याचे कणीस नव्या बाजूला आत लटकवावे आणि दूर बसावे. तो दारापर्यंत येतो, डोकावतो, परत जातो. असे होऊ द्यावे. बोटावर येणारा पक्षी असेल तर काम आणखी सोपे: पंखे बंद, खिडक्या बंद, आरसा झाकलेला, आणि बोटावरून थेट नव्या दांडीवर. वेळ सकाळचीच, म्हणजे अंधार पडण्याआधी दांड्या कुठे आहेत ते त्याला पाठ होते.

धरण्यावाचून गत्यंतरच नसेल तर खोली अंधारी करून, मऊ सुती पंचाने धरावे आणि बोटे मानेभोवती कड्यासारखी सैल ठेवावीत. छाती कधीही दाबू नये. पक्ष्याला श्वासपटल नसते. छातीचा पिंजरा हलतो तेव्हाच त्याचा श्वास चालतो, आणि तो मुठीत दाबला तर पक्षी आवाजही न करता गुदमरतो.

पहिल्या रात्री मंद दिवा राहू द्यावा. कॉकॅटिल अंधारात पालीच्या सरसरीने किंवा फटाक्याने दचकून सळयांवर आपटतो, पिवळट पांढऱ्या लुटिनो जातीत हे विशेष, आणि नवख्या पिंजऱ्यात त्याला कुठे धरायचे ते ठाऊक नसते. गणपती आणि दिवाळीच्या दिवसांत पिंजरा बदलू नये हे त्यामुळेच. दोनचार दिवस खाणे आणि विष्ठा पाहावी, स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करावे. दहावा हिस्सा वजन उतरले, किंवा श्वासागणिक शेपटी वरखाली होऊ लागली, तर थांबू नये. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो. जुना पिंजरा यासाठी राखून ठेवावा. एक दांडी, तळाला कागद, तीन बाजूंनी कापड, एवढे केले की परळच्या बाई साकरबाई या प्राण्यांच्या रुग्णालयापर्यंत किंवा जवळच्या पक्षीवैद्याकडे नेताना त्याला ओळखीच्या सळया मिळतात.