जोडचाक

मालमोटारीच्या मागील बाजूस दोन-दोन चाके एकमेकांशेजारी का असतात, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडलेला नसेल. मोटार आपण आत बसून पाहतो, खाली वाकून पाहत नाही. रायपूरसारख्या गावी बदलून आलेल्या माणसाची मात्र त्या चाकांपासून सुटका नाही. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता या गावावरून जातो. भात, सिमेंट आणि भिलाईचे पोलाद वाहणाऱ्या गाड्यांची घरघर टाटीबंधच्या बाजूने रात्रभर कानी येत राहते.

मी त्या चाकांकडे वाकून पाहिले, ते एका तरुणामुळे. त्याचे वडील माझ्या दौऱ्याची जीप चालवीत. बस्तरकडे जाताना केशकाल घाटाची बारा वळणे त्यांच्या हातांवर विसंबून मी कित्येकदा निर्धास्तपणे ओलांडली. या मुलाने एक जुनी पिकअप घेतली होती. तांदळाची पोती जगदलपूरला पोचवावी, हा धंदा. भाडे पोत्यांवर मिळे, आणि पोती वाढविली की मागचे टायर दबत. एका मिस्त्रीने त्याला उपाय सुचविला होता : “पीछे डबल चक्का लगा लो, ताक़त दुगनी।” परिवहन कार्यालयात त्यासाठी माझा एक शब्द हवा होता.

निवृत्त अधिकाऱ्याच्या शब्दाचे वजन किती, हा प्रश्न अलाहिदा. पण तो टाकण्यापूर्वी गाडीला किती वजन पेलेल हे समजून घ्यावे, म्हणून मी मिस्त्रीकडे गेलो. माणूस जाणता होता. जोडचाकाला खोलगट डिस्क लागतात, त्या पाठीला पाठ लावून बसवितात, स्टड लांब घ्यावे लागतात, हे त्याने हौसेने दाखविले. दोन टायरांत बोटभर तरी मोकळी जागा हवी. नाही तर भाराने फुगलेल्या कडा एकमेकींवर घासून तापतात. दोन्ही टायर एकाच मापाचे हवेत. एक झिजलेला असला की सारा भार दुसऱ्यावर येतो. आतल्या चाकाची हवा कमी झालेली बाहेरून दिसत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर निघण्यापूर्वी प्रत्येक टायर लोखंडी टॉमीने ठोकून त्याचा आवाज ऐकतात.

“आणि अ‍ॅक्सल?” मी विचारले. “वही.” “पाटे?” “एक-दो पट्टे बढ़ा देंगे.” “ब्रेक?” “वही, साहब.”

येथे मला उत्तर मिळाले. टायर दुप्पट झाले, तरी धुरा तीच राहते. उलट बाहेरचे चाक आणखी दूर लटकल्याने तिच्या टोकावरचा आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. भरलेली गाडी केशकालच्या उतारावर थांबवावयाची ती जुन्याच ब्रेकांनी. कायदाही वेगळे सांगत नाही. निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाने करू नये, असे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम म्हणते. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. 2018 मध्ये सरकारने चार टायरांच्या एका आसावरील भाराची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. पण ती मर्यादा रस्त्यासाठी आहे. पिकअपच्या धुरीला ती वाढीव शक्ती कोणताही कागद देऊ शकत नाही.

मी शब्द टाकला नाही. मुलाचा चेहरा उतरला. “बाबूजी ने आपको कभी मना नहीं किया,” एवढेच तो म्हणाला. ते खरे होते, आणि म्हणूनच मला नकार देणे भाग होते. ज्याच्या बापाने मला घाटातून सुखरूप आणले, त्याच्या मुलाला त्याच घाटात कच्च्या धुरीवर मी कसा पाठवू?

पुढे त्याने पिकअप विकली आणि कर्ज काढून जुनी टाटा 407 घेतली. धुरीपासून ब्रेकांपर्यंत कारखान्यातच सहा चाकांच्या हिशेबाने घडलेली. हप्ते जड आहेत, आणि दिवाळीला येतो तेव्हा तो मला त्यांची आठवण करून देतो. मी ती मुकाट्याने ऐकून घेतो. परगावी नोकरी केलेल्या आपणां सर्वांजवळ शब्द मागावयास कोणी ना कोणी येतेच. अशा वेळी मागणाऱ्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या गाडीच्या धुरीकडे पाहावे, एवढे मी त्या दुकानात शिकलो.