न ओढता लावायची पट्टी

निळी ताणपट्टी मी पहिल्यांदा हातावर लावली ती चांगली ओढून. सूज म्हटली की आवळायचं, हेच लहानपणापासून पाहिलेलं. पाय मुरगळला की हळदीचा लेप आणि वर घट्ट फडकं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीच्या टोकांशी पाण्याचे तीन फोड होते आणि बोटं आदल्या दिवसापेक्षा जाड.

2019मध्ये माझ्या उजव्या स्तनात कॅन्सर निघाला. परळच्या टाटा रुग्णालयात ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग रेडिएशनचा शेक. पुढे दीडेक वर्ष सगळं सुरळीत होतं. 2021च्या गणपतीत मोदकांची उकड मळताना लक्षात आलं की उजव्या हातातल्या बांगड्या सरकत नाहीयेत. काढल्या तर मनगटावर वळ उठलेले.

शरीरात रक्ताशिवाय आणखी एक द्रव वाहतो, लसिका. हाताकडची लसिका काखेतल्या गाठींमधून पुढे जाते. गाठी काढल्या आणि वर शेक बसला की ती वाट अडते, आणि प्रथिनं मिसळलेलं हे पाणी कातडीखाली साचत राहतं. डॉक्टर याला लिम्फेडेमा म्हणतात. आमच्या गल्लीतल्या काकींनी हात पाहून विचारलं, "हत्तीरोग झाला का गं?" मी घरात येऊन रडले. खरं तर त्या फार चुकल्या नव्हत्या. हत्तीरोगात डासांतून आलेले कृमी याच वाहिन्या निकामी करतात. माझ्या हाताचं कारण तेवढं वेगळं.

उपाय म्हणून दाब देणारी स्लीव्ह मिळाली. पण कोपरखैरण्यातलं आमचं घर म्हणजे सिडकोच्या बैठ्या घरावर चढवलेला वरचा मजला. मे महिन्यात पत्रा तापला की स्लीव्हच्या आत घामाने हात उकडल्यासारखा व्हायचा. दुपारी मी ती काढून ठेवायची आणि संध्याकाळी हात पुन्हा टम्म. त्यातच कुणीतरी ही पट्टी सुचवली आणि मी दुकानातून आणून स्वतःच लावली. फोड आले ते तेव्हाच.

मग वाशीच्या एका फिजिओताईंनी सगळं पहिल्यापासून शिकवलं. आधी फोड पूर्ण बरे होऊ दिले. ही पट्टी जपानच्या केन्झो कासे यांनी 1970च्या दशकात तयार केली. खेळाडूंच्या अंगावर दिसते ती हीच. सुजेसाठी मात्र ती वेगळ्या पद्धतीने लावतात. पट्टीचं एक टोक अखंड ठेवायचं आणि उरलेल्या भागाचे पंख्यासारखे चार-पाच फाटे कापायचे. कोपरे गोल करायचे, नाहीतर ते कपड्यात अडकून सुटतात. अखंड टोक वर, ज्या बाजूला पाणी न्यायचं तिकडे. हात ताणून धरायचा आणि फाटे खाली नुसते ठेवत जायचं. पट्टीमागचा कागद सोलताना येतो तेवढाच ताण, त्यावर काही नाही. नंतर हात सैल सोडला की पट्टीवर बारीक चुण्या पडतात. त्या दिसल्या की बरोबर लागली. पट्टी कातडीला हलकेच उचलून धरते आणि खालच्या पाण्याला सरकायला जागा होते, असं त्यामागचं म्हणणं.

सुजलेला हात उजवाच, म्हणून लावायचं काम लेकीचं. पहिल्या आठवड्यात मीच तिला म्हणायचे, "अगं, जरा ओढ." ती ऐकायची नाही. "आई, ताईंनी काय सांगितलंय?"

पट्टी तीन-चार दिवस राहते. आंघोळ चालते, नंतर टॉवेलने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. काढताना खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं थांबायचं आणि पट्टी न ओढता कातडी मागे दाबत सोडवायची. मग एक दिवस कातडीला विश्रांती.

एवढ्याने हात बरा झाला असं मी कुणालाही सांगणार नाही. 2009मध्ये तैवानमधल्या एका छोट्या अभ्यासात ही पट्टी दाब देणाऱ्या बँडेजच्या तोडीची दिसली होती; 2013मध्ये पोलंडमधल्या अभ्यासात ती बँडेजपेक्षा कमी पडली. माझा अनुभव या दोन्हींच्या मधला. कोपराखाली दहा सेंटीमीटरवर माझा डावा हात 23.5 सेंटीमीटर भरतो. उजवा 26.5 होता, दोन महिन्यांत 25वर आला. त्यात पट्टीचा वाटा किती आणि रोजच्या व्यायामाचा, हलक्या मालिशचा, सकाळ-संध्याकाळ घातलेल्या स्लीव्हचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण पट्टीमुळे भर उन्हाळ्यातल्या दुपारी हाताला सोबत राहिली, हे खरं.

हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर पट्टी ताबडतोब काढून डॉक्टरकडे जायचं. तो संसर्ग असू शकतो. रक्ताची गुठळी असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा शेकाने कातडी नाजूक झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टीला हात लावू नका. त्या हातावर मी बीपी मोजू देत नाही, सुई टोचू देत नाही, आणि भाजीची पिशवी डाव्या हातात घेते.

ऑपरेशन झालेल्या बायांनो, बांगडी घट्ट वाटली म्हणून मोठ्या मापाची घेऊ नका. शिवणाची टेप काढा आणि दोन्ही हात एकाच जागी मोजा. दोन सेंटीमीटरचा फरक दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.