आग्रह आणि आडवा हात

कोरियन भाषेत 'क्वॉनहादा' असे एक क्रियापद आहे. शब्दकोशात त्याचे अर्थ सुचवणे, शिफारस करणे, सल्ला देणे असे दिलेले आढळतात. 'हे पुस्तक वाचून पाहा' असे सांगण्यासाठी ते चालते. परंतु हेच क्रियापद दारूच्या पेल्याला जोडले गेले की यांपैकी एकही अर्थ त्याला पुरत नाही. मराठीत मात्र त्यासाठी नेमका शब्द आहे : आग्रह. पंगतीत पानावर आडवा हात धरूनही, तो हात प्रेमाने बाजूला सारून वाढलेली जिलबी ज्याने निमूटपणे संपवली आहे, त्याला 'क्वॉनहादा' वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ह्यॉन जिन-गॉन या लेखकाने १९२१ साली 'केब्यॉक' या मासिकात प्रसिद्ध केलेल्या कथेच्या शीर्षकात हे क्रियापद आहे. 'दारूचा आग्रह करणारा समाज' असे त्या शीर्षकाचे भाषांतर मला करावेसे वाटते. जपानी राजवटीतील कोरिया. टोकियोत शिकून आलेला नवरा रोज मध्यरात्रीनंतर झिंगून घरी येतो. शिवणकाम करीत त्याची वाट पाहणारी बायको विचारते, की तुम्हाला इतकी दारू पाजते तरी कोण? तो उत्तर देतो, की समाज पाजतो. 'साह्वे', म्हणजे समाज, हा शब्द तेव्हा नवशिक्षितांच्या बोलण्यातला; बायकोने तो कधी ऐकलेला नाही. हे एखाद्या खाणावळीचे नाव असावे असे तिला वाटते. वसाहतीतील बुद्धिजीवींच्या वैफल्याची कथा म्हणून ती कोरियात शिकवली जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या कथेतील बायकोची चूक फारशी चूक वाटत नाही. समाज अमूर्त असला तरी आग्रह अमूर्त नसतो. तो कोणत्या तरी एका टेबलावर, कोणाच्या तरी हातातल्या बाटलीतून होत असतो. तो हात एकदा माझाही होता, म्हणून हा लेख.

२०१० साली मी हिंदी शिकवण्यासाठी सोलला गेलो. तोपर्यंत दारूला स्पर्श केलेला नव्हता. पहिल्याच आठवड्यात विभागाचे 'ह्वेशिक' झाले. ह्वेशिक म्हणजे सहकाऱ्यांचे एकत्र जेवण. पण जेवण ही त्याची केवळ पहिली फेरी. दुसरी फेरी बिअरच्या दुकानात, तिसरी गाण्याच्या खोलीत. तिथले नियम मला लवकरच कळले. आपला पेला आपण भरायचा नाही. वडीलधाऱ्यांनी ओतले तर पेला दोन्ही हातांनी धरायचा आणि पिताना मान बाजूला वळवायची. रिकामा पेला दिसला की तो भरणे हे शेजाऱ्याचे कर्तव्य. सोजू आणि बिअर एकत्र करून केलेल्या पेयाला 'सोमेक' म्हणतात आणि ते मिसळणाऱ्याच्या हातोटीचे कौतुकही होते. मी गोंधळून बसलो असताना एका वयस्क प्राध्यापकांनी कोणाचे लक्ष नसताना माझ्या सोजूच्या पेल्यात छिल्सॉंग सायडर ओतले. नाव सायडर असले तरी ते लिंबाच्या चवीचे, दारूचा अंश नसलेले गोड पेय. पेला तोच, पेय पारदर्शक. मी मान वळवून प्यालो आणि सर्वांसारखा दिसलो. त्या सज्जन माणसाने त्या रात्री मला वाचवले, पण नकार देऊन नव्हे. नकार दिसू नये अशी व्यवस्था करून.

पुढे सायडरची गरज उरली नाही. परक्या देशात एकट्या माणसाला आपलेपणाची जी भूक असते, तिच्यापुढे घरचे संस्कार टिकत नाहीत. मी पिऊ लागलो, 'आमचा भारतीय' झालो. २०१२ च्या वसंतात नव्या विद्यार्थ्यांची मुक्कामी सहल बुकहान नदीकाठच्या देसॉंग-री या गावी गेली. या सहलींना तिथे 'एमटी' म्हणतात आणि त्यांच्या रात्री कशा जातात हे सर्वांना ठाऊक असते. माझ्यासमोर पहिल्या वर्षाची एक मुलगी बसली होती. मला सोसत नाही, असे ती हळू आवाजात म्हणाली. तिचा चेहरा पहिल्याच घोटाने लालबुंद झालेला होता. पूर्व आशियातील अनेकांच्या शरीरात दारूपासून तयार होणाऱ्या अॅसिटाल्डिहाइडचे विघटन करणारे विकर नीट काम करीत नाही आणि त्याचीच ती खूण असते, हे मी नंतर वाचले. तेव्हा मला ती लाली गंमतीची वाटली. मी तिचा पेला भरला. भोवतालची मुले 'वन शॉट' ओरडली, मीही ओरडलो. तिने पेला दोन्ही हातांत धरला, माझा मान राखण्यासाठी मान वळवली आणि तो रिकामा केला. मग आणखी एक. रात्रभर ती ओकत होती.

सकाळी ती माझ्यापुढे येऊन कमरेत वाकली आणि म्हणाली, "क्योसु-निम, काल माझ्यामुळे तुमचा बेरंग झाला. क्षमा करा." मी मोठ्या मनाने क्षमा केली! हे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते.

२०२४ च्या शरदात एका चर्चासत्रासाठी पुन्हा सोलला जाणे झाले. ती मुलगी आता एका प्रकाशनसंस्थेत संपादक आहे. भेटायचे ठरले ते शिनछोनच्या एका खानावळीत. निखाऱ्यावर मांस भाजत होते, आणि तिने मागवली ती कॅस ०.० ची बाटली. भोवतालच्या टेबलांवरही तशा दोन-तीन बाटल्या दिसत होत्या. मी बारा वर्षांपूर्वी पाहिलेल्या टेबलांशी हे दृश्य जुळत नव्हते.

असे पेय तिथे अगदी नवे नाही. हाइट झिरो २०१२ च्या अखेरीस बाजारात आले होते, म्हणजे आमच्या त्या सहलीनंतर काही महिन्यांनी. कॅस ०.० आले २०२० मध्ये. परंतु ही पेये दुकानातून घरी नेण्याची होती. खानावळीच्या टेबलापर्यंत त्यांना सहज वाट नव्हती. कोरियाच्या कायद्यात १ टक्का किंवा त्याहून अधिक मद्यार्क असेल तरच पेय दारू ठरते. खानावळींना दारू पुरवणारे घाऊक विक्रेते दारूच पुरवू शकत. दारू नसलेली बिअर त्यांच्या गाडीत चढवता येत नसे. मे २०२४ मध्ये हा नियम बदलला. ज्या ठिकाणी आग्रह होतो, त्या ठिकाणी नकाराचे साधन पोहोचायला बारा वर्षे लागली.

या बाटल्यांवरील भाषाही अभ्यासण्यासारखी आहे. मद्यार्क अजिबात नसेल तर 'मु-अल्कोहोल'. १ टक्क्याच्या आत किंचित असेल तर 'बि-अल्कोहोल'. 'मु' आणि 'बि' हे दोन्ही चिनी मुळाचे नकारवाचक उपसर्ग. आपल्याकडच्या 'निर्' आणि 'अ' यांच्यात जो भेद करता येईल, साधारण तसाच हा : एक अभाव सांगतो, दुसरा केवळ वेगळेपणा. शून्याचेही तसेच. ०.०० म्हणजे काही नाही आणि ०.० म्हणजे दशांशाच्या पहिल्या स्थळापर्यंत काही नाही. आपल्या सरकारी कागदावर 'निरंक' लिहिले की प्रश्न मिटतो. इथे निरंकातही पायऱ्या आहेत. आणि कायद्याने दारू नसलेले हे पेय एकोणीस वर्षांखालील मुलांना मात्र विकता येत नाही. दारू नाही, पण दारूची जागा घेणारे आहे, एवढे कायद्यालाही कळते.

मी तिला विचारले, "चव आवडते तुला?"

"नाही," ती म्हणाली. "पण हातात भरलेला पेला असला की कोणी काही विचारत नाही."

मला माझे सायडर आठवले. वयस्क प्राध्यापकांनी जे लपवून केले होते, तेच आता कारखान्यात, लेबल लावून, उघडपणे होत होते. जिथे 'नको' म्हणणे उद्धटपणा ठरतो, तिथे ही बाटली माणसाच्या वतीने 'नको' म्हणते. पानावरचा आडवा हातच तो, फक्त विकत मिळणारा.

मग बारा वर्षांत आग्रह संपला काय? कारणे शोधली तर ती सापडतात. २०१८ पासून मोठ्या आस्थापनांत आठवड्याला कमाल ५२ तासांच्या कामाची मर्यादा आली. २०१९ मध्ये मद्यपी वाहनचालकांसाठी रक्तातील मद्यार्काची मर्यादा ०.०५ वरून ०.०३ टक्क्यावर आणली गेली. त्यानंतर महासाथीच्या काळात ह्वेशिकच बंद पडले, आणि एकदा मोडलेली सवय तरुणांनी पुन्हा जशीच्या तशी उचलली नाही. सोजूही सौम्य होत गेली : १९२४ साली जिन्रोची सोजू ३५ टक्क्यांची होती, १९९८ मध्ये छामिसुल आली ती २३ ची आणि २०२४ मध्ये ती १६ वर उतरली. हे सर्व खरे आहे आणि चांगले आहे. पण मी तिला हा प्रश्न विचारला तेव्हा ती हसली.

"पूर्वीचे साहेब पेला भरायचे," ती म्हणाली. "आताचे साहेब सोमवारी विचारतात, शनिवारी-रविवारी किती किलोमीटर धावलीस?"

'हेल्दी प्लेझर' हा शब्दप्रयोग कोरियात घरोघरी पोहोचला तो किम नान-दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'ट्रेंड कोरिया २०२२' या पुस्तकामुळे. आरोग्य राखायचे, पण आनंदाने. बाजाराने तो शब्द तत्परतेने उचलला. २०२२ मध्ये साखर नसलेली सेरो सोजू आली. २०२४ मध्ये टेरा लाइट आली : साखर शून्य, उष्मांक एक तृतीयांशाने कमी, मद्यार्क ४ टक्के. मूळ टेरामध्ये तो ४.६ टक्के असतो. येथे थोडे गणित करून पाहावे. अर्ध्या लिटरमध्ये मूळ बिअरमधून सुमारे १८ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो, सौम्य बिअरमधून सुमारे १६. फरक दोन ग्रॅमचा. साखरेचे म्हणावे तर आंबवताना यीस्ट ती बहुतेक खाऊनच टाकते. साध्या बिअरमध्येही ती फारशी उरत नाही. मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सात उष्मांक असतात, पण लेबलावर ठळक अक्षरांत साखर दिसते. दारूचे कोणतेच प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा ०.०० ची बाटली आणि ४ टक्क्यांची 'लाइट' बाटली या एकाच फळीवर मांडण्याच्या वस्तू नव्हेत. एक आडवा हात आहे. दुसरी हात बाजूला सारून वाढलेली जिलबीच आहे, फक्त साखर कमी असल्याचे सांगणारी.

म्हणून ह्यॉन जिन-गॉनच्या कथेचे शीर्षक मला आज अधिक व्यापक वाटते. त्यातला 'दारू' हा शब्द बदलता येतो, क्रियापद बदलत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या तरुणाला समाज दारूचा आग्रह करीत होता, आजच्या तरुणाला निरोगी, सडपातळ, पहाटे उठून धावणाऱ्या आयुष्याचा करतो. दुसरा आग्रह पहिल्यापेक्षा कितीतरी बरा, हे मान्य. त्यात कोणी रात्रभर ओकत नाही. परंतु ज्याला धावायचे नाही, त्याच्यासाठी अद्याप कोणी शून्याची बाटली काढलेली नाही.

जेवण संपत आले तेव्हा मी देसॉंग-रीचा विषय काढला. बारा वर्षे न मागितलेली क्षमा मागितली. ती बराच वेळ चिमट्याने निखारे सारखे करीत राहिली.

"पुढच्या वर्षीच्या एमटीला मी सिनियर होते," ती म्हणाली. "मीही ओतली."

यावर मला काही सुचले नाही. तिच्या माफीनाम्यापेक्षा हे वाक्य मला अधिक लागले. मी तिला केवळ एक वाईट रात्र दिली नव्हती, एक रीत शिकवली होती. शिक्षकाने आणखी काय काय शिकवलेले असते, याचा हिशोब त्याच्यापाशी नसतो.

तिने बाटली उचलली. माझा पेला रिकामा होता, म्हणजे रिवाजाप्रमाणे विचारण्याचे कारण नव्हते. तरी ती थांबली. "अजून घालू?"

बाटलीत दारू नव्हतीच. घेतली असती तरी काही बिघडत नव्हते. पण मी पेल्यावर आडवा हात धरला. तिने क्षणभर पाहिले आणि बाटली खाली ठेवली.