हॉलमधली लाल चादर

पुण्याला समुद्र नाही. बाकी सगळं आहे, असं आम्ही पुणेकर मानतो. ज्यांचं तेवढ्यानं भागत नाही ते बादलीभर शुद्ध पाण्यात पाकिटातलं समुद्री मीठ ढवळतात आणि हॉलमध्ये स्वतःचा समुद्र भरतात. आमच्या घरातला समुद्र तीन फूट लांब, साधारण 190 लिटरचा. मूळ मालक माझा दादा. नोकरीसाठी टोरांटोला जाताना तो काचेवर मार्करनं दोन आकडे लिहून गेला, 1.025 आणि 26. पहिला पाण्याच्या खारेपणाचा, दुसरा तापमानाचा.

वस्ती मोजकीच. नऊ वर्षांची क्लाऊनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिम्प, काही गोगलगायी आणि झोअँथिड, मशरूम, लेदर अशी मऊ कोरल्स. दगडी सांगाडा बांधणारी कोरल्स आणि समुद्रपंखे मात्र अजिबात नाहीत. 2001 पासून त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्यामुळे दादानं त्या वाटेला जायचंच नाही असं ठरवलं होतं.

मार्चमध्ये वाळूच्या एका कोपऱ्यात मरून रंगाचा डाग दिसला. आठवड्याभरात त्याची चादर झाली. मखमलीसारखी, चिकट, वर हवेचे बारीक बुडबुडे. गंमत म्हणजे सकाळी ती जवळजवळ गायब असायची आणि ऑफिसमधून घरी यावं तर पुन्हा ऐसपैस पसरलेली! मग ती कोरल्सवर चढायला लागली. झोअँथिड मिटून बसले.

आई म्हणाली, "कुंकू सांडल्यासारखं दिसतंय गं. देऊन टाक कुणाला तरी. तो काही इतक्यात परत येत नाही." तिचं चूक नव्हतं. वीजबिल, दर रविवारची पाण्याची हमाली आणि माझं अप्रेजल, सगळं एकाच महिन्यात आलं होतं. ओळखीतले एक गृहस्थ क्लाऊनफिशची जोडी न्यायला तयारही होते. फक्त जोडी. कोरल्स त्यांना नको होती. म्हणजे बाकीच्यांचं काय होणार, ते न बोलताच कळत होतं.

मी दादाला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन. "सायनो आहे. घाबरू नकोस. आणि औषध टाकू नकोस हं!"

सायनो म्हणजे सायनोबॅक्टेरिया. दिसायला शेवाळ, पण शेवाळ नव्हेच. हे जिवाणू आहेत, आणि झाडांसारखे उजेडावर जगतात. दिवे लागले की ऑक्सिजन सोडतात, तेच ते बुडबुडे. हेल्थ कॉन्शस मंडळी स्पायरुलिनाच्या गोळ्या घेतात ना, तेही याच खानदानातलं. आणि खानदान साधंसुधं नाही. साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांमुळे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये त्यांनी थरावर थर चढवून केलेले दगडी उंचवटे आजही वाढतायत. 1991 साली ती जागा जागतिक वारसा यादीत गेली. थोडक्यात काय, मी भांडत होते ती पार्टी भलतीच सीनियर होती.

औषधाचा मोह मलाही झाला. एक डोस टाकायचा आणि दोन-तीन दिवसांत टँक चकाचक! पण अशा काही औषधांत एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असतं. मासळीची घाण पचवणारे टँकमधले उपयोगी जीवसुद्धा जिवाणूच, त्यांनाही त्याचा फटका बसू शकतो. शिवाय एवढी मोठी चादर एकदम मेली की ती कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते, आणि मासे गुदमरतात. हे सगळं करूनही ज्या कारणानं सायनो आला ते कारण जागेवरच राहतं. मग महिन्याभरात चादर परत.

म्हणून आम्ही कारणं शोधायला बसलो. शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे चहा, त्याच्याकडे सकाळची कॉफी, आणि मध्ये व्हिडिओ कॉलवर टँक. पहिलं कारण सापडलं ते वेव्हमेकरमध्ये. पाणी घुसळणाऱ्या या पंपावर चुना बसला होता, त्यामुळे त्या कोपऱ्यात पाणी जवळजवळ थांबलं होतं. सायनोला अशी निवांत जागा फार आवडते. पंप रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवला, सकाळी धुऊन लावला, तर नव्यासारखा फिरला.

दुसरं कारण नळात होतं. उन्हाळ्यामुळे सोसायटीत टँकर सुरू झाले होते. ते जड पाणी गाळून आमच्या आरओ फिल्टरची शेवटची डीआय कांडी वेळेआधीच संपली. टीडीएस मीटरवर शून्य यायला हवं, तिथे 14 आलं. कांडी बदलली. टेस्ट किटनं तिसरी गोष्ट सांगितली. नायट्रेट 30 पीपीएम, फॉस्फेट 0.25. म्हणजे सायनोसाठी बुफेच मांडलेला!

मग सुरू झालं रूटीन. आठवड्यातून दोनदा, दिवे मालवायच्या आधी, म्हणजे चादर पूर्ण पसरलेली असताना, बारीक नळीनं ती ओढून काढायची. जेवढं पाणी जाईल तेवढं नवं घालायचं, साधारण दहा टक्के. फ्रोझन खाणं गाळणीत धुऊन, तेही निम्मं. दिवे दहा तासांऐवजी सात तास. चौथ्या आठवड्यात तीन दिवस पूर्ण अंधार. जुनी चादर टँकवर गुंडाळली, आत एअर पंप चालू. लाल चादरीवर उतारा म्हणून सोलापुरी चादर!

दादाची एकच ताकीद होती, घाई नको. नायट्रेट आणि फॉस्फेट एकदम शून्यावर नेले तर कोरल्स उपाशी मरतात आणि डायनोफ्लॅजेलेट्ससारखी आणखी वाईट पीडा मागे लागू शकते. मला हे पचायला जड गेलं. ऑफिसात प्रत्येक गोष्ट 'एंड ऑफ डे'पर्यंत हवी असते. इथे पाचव्या आठवड्यातही संध्याकाळी कोपरा लालच होता, फक्त थोडा लहान.

सातव्या आठवड्यात झोअँथिड उघडले, एकेक करून. आठव्यात नायट्रेट 8 आणि फॉस्फेट 0.08 आलं. त्याच सुमारास त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला, जोडी कधी पाठवताय म्हणून. मी मीटिंगमध्ये होते. फोन आईनं घेतला आणि म्हणाली, "नाही हो, आता ती इथेच राहणार." हे मला तिनं रात्री जेवताना सांगितलं, अगदी सहज, आमटी वाढता वाढता.

डाव्या खडकाखाली अजून नखाएवढा लाल ठिपका आहे. दादा म्हणतो, असू दे, प्रत्येक टँकमध्ये थोडा सायनो असतोच, आपण फक्त त्याची चंगळ होऊ द्यायची नाही. तुमच्या टँकमध्ये कधी ही चादर अंथरलेली दिसली, तर औषधाच्या बाटलीआधी तीन गोष्टी तपासा. पाणी कुठे थांबतंय, फिल्टरमधून काय येतंय आणि खाणं किती पडतंय. आणि हो, सलग आठ शनिवार मोकळे ठेवा.