दोऱ्याचे माप

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. पुस्तकात वाचला तेव्हा तो नुसताच आकडा होता. भूगोलाच्या तासाला सरांनी टेबलावर पृथ्वीगोल ठेवून दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला, तेव्हा त्या आकड्याची वाट दिसली. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटते, विमान अरबस्तान आणि भूमध्य समुद्रावरून सरळ पश्चिमेला जात असेल. गोलावरचा दोरा मात्र मुंबईहून उत्तरेकडे चढतो, मॉस्कोजवळून आइसलंडवर जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी पोहोचतो आणि मग खाली उतरतो. गोल पृथ्वीवर सर्वांत जवळची वाट ती हीच!

अंतर एकदा मोजले की ठरून जाते. वेळेचे तसे नाही. थेट विमानाला जाताना सुमारे सोळा तास लागतात, येताना एखाद-दीड तास कमी. कारण उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. शिवाय आकाशालाही बांध असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या कितीतरी विमानांना वळसा पडला. विमानतळ जागच्या जागीच होते. प्रवासाचे तास वाढले.

सर हे सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा कळवण तालुका होता. आमच्या पाड्यापासून माध्यमिक शाळा सहा किलोमीटरवर. ताशी नऊशे किलोमीटर वेगाच्या विमानाला हे अंतर जेमतेम २४ सेकंदांचे. मला चालत दीड तास लागे. माझ्यामागची बहीण माझ्याहून हुशार. पण सातवीनंतर तिची शाळा सुटली. संध्याकाळी परतायला गाडी नव्हती आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वाटच बंद. "पोरीला एवढ्या लांब कसं धाडू?" वडील म्हणाले. वडील शाळेत गेलेले नाहीत. त्यांनी अंतर मोजले ते अंधार पडण्याच्या वेळेवरून, आणि त्या मापाने शाळा खरोखरच लांब होती.

मित्रहो, जग जवळ आले असे आपण वक्तृत्व स्पर्धेत नेहमी म्हणतो. कोणासाठी जवळ आले, हेही विचारायला हवे. सोळा तासांच्या प्रवासाचे वेळापत्रक मिनिटांत छापलेले असते. सहा किलोमीटरच्या आमच्या वाटेला वेळापत्रकच नव्हते.

बहीण आता सतरा वर्षांची आहे. दिवसा कांद्याच्या लागवडीला जाते आणि रात्री अभ्यासाला बसते. यंदा तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचे ठरवले आहे. ही वाट वळशाची खरी, पण उघडी आहे. शिकवणी माझी, आणि पेपरांच्या दिवशी तिला केंद्रावर नेण्या-आणण्याचे कामही माझेच. वडिलांनी त्यासाठी शेजाऱ्यांची मोटारसायकल आत्तापासूनच सांगून ठेवली आहे.