सामरीचा पत्ता

मे महिन्यात एकदा तरी व्हीसीआर यायचाच. तालुक्याच्या गावातून, रिक्षात, मधल्या काकांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळून. शेजारी रंगीत टीव्ही आणि त्याला मिठी मारून बसलेला व्हिडिओ लायब्ररीतला पोरगा. एका रात्रीचं भाडं, तीन कॅसेटी. वर्गणीत मुंबईच्या काकांचा वाटा मोठा, कारण ते मुंबईचे. पहिली कॅसेट देवाची, आजीसाठी. दुसरी अमिताभची, सगळ्यांसाठी. तिसरी भुताची, ती मध्यरात्रीनंतर लागे आणि ती कुणी मागवली हे घरात कुणीच कधी कबूल केलं नाही.

१९८९ च्या त्या सुट्टीत कोकणातल्या आमच्या घरी आम्ही अकरा भावंडं होतो. तिसरी कॅसेट निघाली ‘पुराना मंदिर’. चित्रपट १९८४ चा, म्हणजे आमच्या ओटीवर पोचायला त्याला पाच वर्षं लागली होती. वाटेत कॅसेटवरून कॅसेट करताना त्याचा जो रंग उडाला होता, त्याने अंधारातले प्रसंग म्हणजे नुसती हिरवी-काळी वाळू दिसे. त्या वाळूतून काहीतरी उंच चालत येई. दादा ट्रॅकिंगचं बटण फिरवायचा आणि भूत कमरेत वाकडं व्हायचं. गावात व्होल्टेज उतरलं की पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. अख्खा सामरी, म्हणजे त्यातला सैतान, वीतभर झाला की धाकटा ओरडायचा, “बघा, बघा, घाबरला!”

घाबरायची आमची पूर्ण तयारी होती, हे सांगायला हवं. गोधड्या आणल्या होत्या. भाजलेल्या आठळ्यांचं टोपलं मध्ये होतं. पण कवाड किरकिरलं की विजा, वीज चमकली की किंकाळी, किंकाळी संपते न संपते तोच जगदीपचा ‘शोले’चा विनोदी अवतार. घाबरायला सवड म्हणून मिळेना. मधेच नायिका अंघोळीला गेली आणि मधले काका ताडकन उठून टीव्हीपुढे उभे राहिले. “व्होल्टेज बघतो,” म्हणाले. नळातून पाण्याऐवजी रक्त येतं म्हणे तिथे. तो सगळा प्रसंग आम्ही काकांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याच्या कडेने ऐकला.

आजी झोपाळ्यावर होती. तिची कॅसेट संपून पाच तास झाले होते, पण ती आत गेली नव्हती. माळ ओढत होती आणि बघत होती. सामरी पहिल्यांदा नीट दिसला तेव्हा तिने विचारलं, “हा कोण?”

“राक्षस आहे, आजी. सैतान.”

“म्हणजे कोण? मुंजा?”

“नाही गं.”

“समंध? गिऱ्हा? मग त्रिशूळ कशाला घाबरतो? याला पत्ता नाही रे काही. भुताला पत्ता लागतो.”

आम्ही हसून लोळलो. पण आजीचं म्हणणं अगदी शिस्तीचं होतं. तिच्याकडे भुतांची खानेसुमारी होती. मुंजा म्हणजे मुंज झालेला, सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. तो पिंपळावर, आणि आमच्या भागातला तर कुठल्या पिंपळावर हेही ठरलेलं. गिऱ्हा पाण्याच्या काठी. चकवा माणसाला दुसरं काही करत नाही, फक्त रात्रभर त्याच त्या शेतातून फिरवतो. जखीण सवाष्ण गेलेली. वेताळ सगळ्यांचा राजा, त्याची पालखी निघते. प्रत्येकाचं काहीतरी मागं राहिलेलं असे आणि तेवढंच ते मागे. त्याहून जास्त नाही. त्यामुळे अंधार पडल्यावर विहिरीकडे न जाणं हा आमच्या घरात भित्रेपणा नव्हता. ते शेजाऱ्याच्या घरात न विचारता न शिरण्यासारखं होतं.

‘पुराना मंदिर’ काढणाऱ्या रामसे बंधूंची गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली, आणि कळल्यावर त्यांच्याबद्दल माया वाटायला लागली. वडील कराचीचे, रेडिओचे व्यापारी. फाळणीनंतर मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडवर दुकान टाकलं, मग चित्रपटांत पैसे घातले. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या प्रसंगाला लोक घाबरत होते. मुलांनी हे थेटरात बसून हेरलं. १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला, तो महाबळेश्वरला चित्रित झालेला. सगळं खटलं बसमध्ये घालून नेलेलं, आणि स्वयंपाकाला घरच्याच बायका. सात भाऊ: तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, अर्जुन संकलनाला. आमच्याकडे गणपतीत कामं वाटून देत तशी. ज्या सिनेमाला आम्ही एकत्र कुटुंब म्हणून हसलो तो एका एकत्र कुटुंबानेच केला होता.

आणि सामरी! त्याचं काम करणारा अनिरुद्ध अग्रवाल रुडकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. ही बातमी दादाने भावंडांच्या ग्रुपवर टाकली, तेव्हा खाली सगळ्यात आधी धाकट्याचं उत्तर आलं, “म्हणजे शेवटी मीच सामरी.” तो पीडब्ल्यूडीत आहे.

पुढे १९९३ ला केबल आली, ‘झी हॉरर शो’ आला. त्यातही तीच धुराची भांडी, तेच नखांचे हात. पण त्याच वर्षी ‘झपाटलेला’ आला आणि आमचा धाकटा आजारी पडला. चित्रपट विनोदी. लक्ष्याला बघून सगळं थेटर हसत होतं आणि हा चौथीतला मुलगा आईच्या पदरात तोंड खुपसून. रामदास पाध्येंच्या त्या बाहुल्याने त्याची आठवडाभराची झोप घालवली; घरातल्या दोन बाहुल्या कोठीत कुलूपबंद कराव्या लागल्या. आजीला अजिबात नवल वाटलं नाही. तिने कथा ऐकून घेतली. गुंड मरता मरता बाहुल्यात शिरतो, त्याला परत माणसाचं शरीर हवंय, आणि ते अमक्याचंच हवंय. “मग खरंच आहे,” ती म्हणाली. “याचं राहिलंय.” ती कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ नावाच्या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली होती हे तिला सांगायला कुणी गेलं नाही. सांगितलं असतं तरी तिने पत्ता तेवढा बदलून घेतला असता.

पण मला सांगायचंय ते १९८९ च्या रात्रीचंच. हसणं भरात आलं होतं, आणि कुणीतरी कॅसेट थोडी मागे घेतली, सुरुवातीचं नीट दिसलं नव्हतं म्हणून. राजा सामरीला पकडतो, त्याचं शीर धडावेगळं करायची आज्ञा देतो. सामरी शाप देतो की या घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतील.

झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या.

आजीने पायाने झोपाळा धरून ठेवला होता. “बंद करा ते,” असं काही ती म्हणाली नाही. जरा वेळाने नुसतं म्हणाली, “हे मात्र बरोबर दाखवलंय. शाप बाईच्याच वाट्याला येतो.” मग उठली, माजघरातून आत गेली. अंधाऱ्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. त्या खोलीत तेव्हा मिठाची मडकी आणि लोणच्याच्या बरण्या होत्या, पण तिचं खरं नाव बाळंतिणीची खोली.

तिथे थोरल्या जाऊबाई गेल्या होत्या, आजी लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षी. तिसऱ्या दिवशी. मूलही गेलं. गावात अशा बाईला अळवंतीण म्हणतात, पाय उलटे असतात म्हणतात. आजीसमोर तो शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती. भुतांच्या तिच्या त्या लांबलचक यादीत अळवंतीण नव्हती, हे माझ्या त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं. सिनेमा चालू होता. पडद्यावर कुणी किंचाळत होतं. टोपल्यातल्या आठळ्यांकडे कुणाचा हात जाईना, आणि ताईने विनाकारण गोधडी पायांवर ओढून घेतली.

रात्री परसाकडे जायचं निघालं तेव्हा आम्ही पाच जण कंदील घेऊन गेलो. वाटेत कुणीही सामरीची नक्कल केली नाही.

परवा गणपतीला सगळे जमलो होतो. आजीला जाऊन वीस वर्षं होतील. पुतण्याने मोठ्या टीव्हीवर यूट्यूबवरून ‘पुराना मंदिर’ लावला, आमची थट्टा करायला म्हणून. चित्र आता लख्ख दिसतं. मुखवट्याची कड दिसते, दोऱ्या दिसतात. पोरं हसत होती, आम्हीही हसत होतो. शापाचा प्रसंग आला आणि दादाने रिमोट उचलला, मग तसाच खाली ठेवला.

“पंधरवडा लागेल आता,” धाकट्या काकू म्हणाल्या. “अविधवा नवमीला सवाष्ण कोण मिळणार इथे? गावात आता राहिलंय कोण?”

“मी थांबते,” ताई म्हणाली. “रजा आहे माझी.”

“तुला जेवायला बसवलं, तर वाढणार कोण?”

मग त्यावर बोलणं सुरू झालं. थोरल्या आजीला काय आवडायचं हे कुणालाच माहीत नाही. आजी खीर आणि भोपळ्याचे घारगे करायची, म्हणून तेच करायचं असं ठरलं. भोपळा परसात आहे. गूळ आणायला लागेल.